विकायच्या घराची डागडुजी: स्वतः करावी, मिस्त्रीला द्यावी की तशीच सोडावी?

नाशिकमध्ये जुना फ्लॅट बघायला येणारं गिऱ्हाईक एकटं येत नाही. नवरा-बायको हॉलमध्ये उभे राहून उजेड-वारा बघतात. सोबत आलेल्या मामानं किंवा मेहुण्यानं आयुष्यात एकदा घर बांधलेलं असतं. तो सरळ बाथरूमच्या मागच्या भिंतीपाशी जातो आणि बोटांनी ती वाजवून बघतो. भाव तिथं ठरतो. हे ध्यानात ठेवलं की विकण्याआधी पैसा आणि घाम कुठं घालायचा, हे ठरवणं बरंच सोपं जातं.

पुढचं सगळं एका ठरावीक घराला धरून लिहितो आहे: इंदिरानगर, गोविंदनगर, पाथर्डी फाटा किंवा नाशिकरोडच्या बाजूचा पंधरा-वीस वर्षांचा टू बीएचके, कार्पेट ६५० चौरस फुटांच्या आसपास, मालक अजून तिथंच राहतोय. रो-हाऊसचं आणि गावातल्या वाड्याचं गणित वेगळं आहे, ते ओघात येईल.

मार्ग चार आहेत. सगळं स्वतः करायचं. माल आपण आणायचा आणि कारागिराला फक्त मजुरी द्यायची. मालासकट उक्तं देऊन टाकायचं. किंवा काहीच न करता आहे तसं विकायचं. बहुतेक जण यातला एकच मार्ग निवडतात आणि अख्ख्या घराला लावतात. माझ्या मते घाटा तिथंच होतो. मार्ग घर बघून नाही, काम बघून निवडायचा. बिघडलं तरी पुसून पुन्हा करता येईल ते काम स्वतः करावं. पाणी, वीज आणि इमारतीचं वजन यांच्याशी संबंध आला की कारागीर बोलवावा. आणि जे नवा मालक तसंही तोडणारच आहे, त्याला कुणीच हात लावू नये.

रंग: स्वतः की पेंटर?

आधी मोजमाप. साडेसहाशे फूट कार्पेटच्या घरात भिंती आणि छत मिळून साधारण दोन हजार चौरस फूट रंगवायला निघतं. साधं इमल्शन, ज्याला आपण सगळे प्लास्टिक पेंट म्हणतो, दोन हातांना (म्हणजे दोन थरांना) मिळून लिटरमागे साठ-सत्तर चौरस फूट जातं. म्हणजे तीसेक लिटर रंग लागतो: २० लिटरची एक बादली आणि वर एक १० लिटरची. त्याशिवाय प्रायमर, लांबी (म्हणजे पुट्टी), पॉलिश पेपर. डब्यावर छापलेलं प्रमाण गुळगुळीत भिंतीसाठी असतं, आपली भिंत त्याहून जास्त पिते.

खरं काम रंग मारण्याचं नसतंच. जुने पोपडे पत्रीनं काढणं, खड्ड्यांत लांबी भरणं, वाळल्यावर घासणं, प्रायमर मारणं, पुन्हा कुठं खड्डा दिसला तर पुन्हा लांबी. यातच निम्म्याहून जास्त वेळ जातो. दोन-तीन माणसांचा संच हे घर पाच-सहा दिवसांत उरकतो. तुम्ही शनिवार-रविवार करायला घेतलं तर दीड महिना धरा, आणि तो सगळा काळ सोफा हॉलच्या मधोमध, त्याच्यावर जुन्या चादरी.

त्या दीड महिन्यालाही किंमत असते. समजा घरावर तीस लाखांचं कर्ज बाकी आहे आणि व्याजदर साडेआठ टक्के आहे. नुसतं व्याज महिन्याला २१,२५० रुपये होतं. वर सोसायटीचा मेंटेनन्स. तुम्ही नव्या घरात राहायला गेला असाल आणि जुनं रिकामं पडलं असेल, तर वाचवलेली मजुरी व्याजात गेली असं होऊ शकतं. अशा वेळी पेंटर लावा. उलट, घर बाजारात आणायलाच अजून तीन महिने असतील, मुलांच्या परीक्षा व्हायच्या असतील, तर एकेक खोली घेऊन स्वतः करण्यात शहाणपणा आहे.

मधला मार्गही चांगला चालतो. छत पेंटरला द्यायचं, भिंती आपण करायच्या. वर मान करून रोलर फिरवणं हे या सगळ्यातलं सर्वांत कष्टाचं काम आहे, आणि नवख्याच्या हातचे पट्टे छतावर उजेडात लगेच दिसतात. भिंतीवरची चूक मात्र दुसऱ्या हातात झाकली जाते. रो-हाऊसच्या जिन्यावरची उंच भिंत असेल तर विचारच करू नका. पायऱ्यांवर शिडी तिरकी लावून चढणं हा हौसेचा विषय नाही.

एक गोष्ट आवर्जून सांगायची: ठिगळ लावू नका. घरात जुना डबा शिल्लक असतो, शेडचा नंबर तोच असतो, म्हणून डागापुरता हात मारला जातो. भिंतीवरचा रंग दहा वर्षांत उतरलेला असतो, त्यामुळं नवा चौकोन लांबूनही उठून दिसतो आणि मेहुण्याला नेमकं कुठं ठोकायचं ते कळतं. मारायचाच तर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत मारा. रंग फिका, पांढऱ्याच्या जवळचा. हॉलची एक भिंत गडद जांभळी करायची हौस नव्या घरात भागवा.

दरवाजे, ग्रिल आणि खिडक्यांवरच्या जुन्या ऑइलपेंटला कोरडं घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आणणारा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. पाणी लावून घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, आणि लहान मुलं त्या दिवशी आजीकडे पाठवा.

ओल: इथं रंगाचा उपयोग नाही

विकणाऱ्याचा सगळ्यात मोठा मोह म्हणजे ओलीवर वॉटरप्रूफ रंग मारून मोकळं होणं. पाणी भिंतीच्या आतून येत असेल तर आतल्या बाजूनं लावलेला कुठलाही रंग फार काळ टिकत नाही. मागून लोणा (क्षारांची पांढरी भुकटी) साचतो आणि रंग फुग्यासारखा सुटतो. दिवाळीत मारलेला रंग पुढच्या पावसापर्यंत तग धरेल, हे खरं. पण तोवर खरेदीखत झालेलं असेल हा हिशोब धोक्याचा आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, गिऱ्हाइकाला नेहमीच्या काळजीनं बघून कळणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्यानं सांगणं बंधनकारक आहे. जाणूनबुजून झाकलेली ओल पुढं कोर्टात महागात पडू शकते. शिवाय शेजारी असतातच, आणि नाशिकमध्ये कोण कुणाच्या ओळखीचं निघेल सांगता येत नाही.

ओल कुठून येते हे शोधणं मात्र स्वतः करण्यासारखं काम आहे, आणि त्यात पैसेही लागत नाहीत. डाग फक्त पावसाळ्यात गडद होत असेल तर बाहेरची भिंत किंवा गच्ची बघा. बारा महिने तसाच असेल तर पाइप किंवा बाथरूम. संशयित जागी हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून दोन दिवस ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला दव जमलं तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमलं तर ती खोलीतल्या दमट हवेची ओल आहे आणि खिडकी उघडी ठेवण्यानंच निम्मं काम होईल. बाथरूमचा संशय असेल तर नहाणीच्या जाळीत कापडाचा बोळा घट्ट बसवून दोन इंच पाणी चोवीस तास साठवा आणि खालच्या मजल्यावरच्यांना छत बघायला सांगा. त्यांची परवानगी आधी घ्या, नंतर नाही.

कारण कळल्यावर मार्ग ठरतो. टाइल्सचे सांधे उघडे पडले असतील तर ते खरवडून इपॉक्सी ग्राउट भरणं स्वतः जमतं. दोन भाग मिसळले की ते लवकर घट्ट होतं, म्हणून थोडं थोडं कालवायचं आणि टाइलवर सांडलेलं लगेच पुसायचं. कमोडच्या बुडाशी, बेसिनच्या कडेला सिलिकॉन भरणं हेही तसंच. पण भिंतीतला पाइप गळत असेल, किंवा नहाणी ट्रॅपभोवतीच पाणी मुरत असेल, तर प्लंबर आणि टाइल मिस्त्री दोघंही लागतील. तिथं हात आखडता घेऊ नका. संपूर्ण आढाव्यात पैसे खर्च करण्याची माझी पहिली शिफारस हीच आहे.

वरच्या फ्लॅटमधून किंवा गच्चीतून येणारी ओल तुमच्या हातात नाही, पण तुमच्या पाठपुराव्यात आहे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) गच्चीतून आणि बाहेरच्या सामाईक पाइपमधून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चानं होते. संडास-बाथरूममधल्या आतल्या गळतीचा खर्च त्या सभासदाचा. सचिवांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. गच्चीचं काम झालं तर ठेकेदाराच्या गॅरंटीची प्रत मागून ठेवा. विकताना हा एक कागद चार बादल्या रंगापेक्षा जास्त बोलतो.

भेगा

भेगांच्या बाबतीत लोक दोन टोकं गाठतात: एक तर घाबरतात, नाहीतर लांबी भरून विसरतात. प्लास्टरवरच्या केसासारख्या भेगा निरुपद्रवी असतात, त्या स्वतः भरा. कॉलम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावरची सरळ उभी भेगही नेहमीचीच. दोन वेगळ्या वस्तू उन्हात वेगवेगळ्या फुगतात. ती जाळीची पट्टी लावून भरली तर पुन्हा उघडत नाही.

तिरपी, खिडकीच्या कोपऱ्यातून निघून रुंद होत जाणारी भेग वेगळी. विशेषतः काळ्या मातीवर उभ्या असलेल्या बंगल्यांत आणि रो-हाऊसमध्ये. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, पाया उथळ असेल तर भिंत तिच्याबरोबर हलते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहा. महिन्या-दोन महिन्यांत ती खुणेच्या पुढं सरकली तर लांबीचा डबा बाजूला ठेवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. छताचं काँक्रीट सुटून गंजलेल्या सळया दिसत असतील तरी तेच. वरून प्लास्टर थापून सळई झाकणाऱ्या मिस्त्रीला नम्रपणे निरोप द्या.

इमारत पंधरा वर्षांच्या पुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, विषय निघणारच. उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायला सांगितलं आहे. सोसायटीनं ते केलं असेल तर अहवालाची प्रत हाताशी ठेवा.

नळ, टाइल्स आणि साफसफाई

इथं स्वतः करणं निर्विवाद जिंकतं. बोअरचं पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत नळांवर आणि शॉवरवर क्षारांचा पांढरा थर चढलेला असतो, आणि त्यामुळं चांगलं बाथरूमही वीस वर्षं जुनं दिसतं. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं कापड नळाला गुंडाळून तासभर ठेवा, मग जुन्या टूथब्रशनं घासा. थेंब थेंब गळणाऱ्या नळाचा वायसर किंवा स्पिंडल बदलणं दहा मिनिटांचं काम आहे, फक्त वरच्या टाकीचा कॉक आधी बंद करा. कॉक जुना असेल तर तो फिरवताना तुटू शकतो. जड लागला की जोर न लावता प्लंबरला फोन करा.

ॲसिडबद्दल दोन शब्द. मोझॅक, संगमरवर आणि कोटा फरशीवर ते कधीच टाकू नका, चकाकी कायमची जाते. आणि ॲसिड व ब्लिचिंग पावडर एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. हे दर दिवाळीला कुणीतरी करतंच.

जुन्या मोझॅक फरशीवर नव्या टाइल्स बसवायच्या की नाही, हा प्रश्न बहुतेकांना पडतो. नका बसवू. नव्या टाइल्स नव्या मालकाच्या आवडीच्या असणार, तुमच्या नाही. त्यापेक्षा मशीन पॉलिश करणारा बोलवा. ते मशीन भाड्यानं आणून स्वतः चालवण्याचा विचार यूट्यूब बघून येतो. मशीन जड असतं, चिखल घरभर होतो, आणि फरशी एका जागी खोल गेली की गेली.

किचनच्या ट्रॉल्यांचंही तेच. नवीन मॉड्युलर किचन बसवून त्याचे पैसे भावात वसूल होतील या भरवशावर राहू नका. अडकणारी चाकं, तुटलेली हँडल, कुबट वास येणारा सिंकखालचा कप्पा: एवढं नीट केलं की पुरे. ओट्याच्या ग्रॅनाइटचा भिंतीशी सांधा काळा पडला असेल तर खरवडून नवं सिलिकॉन.

खिडक्यांच्या स्लायडिंगच्या रुळांत साचलेली माती काढा, मच्छरदाणीची जाळी बदला. नाशिकचं गिऱ्हाईक खिडकी सरकवून बघतंच. पावसाळ्यात फुगलेला दरवाजा लगेच रंधायला घेऊ नका. उन्हाळ्यात तो आपोआप बसतो आणि मग फट राहते.

वीज

दिवा, बॅटन, पिवळी पडलेली स्विचची प्लेट: मेन बंद करून, टेस्टरनं खात्री करून हे करता येतं. त्यापुढचं वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिकल ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं असतं, आणि हा नियम पाळण्यासारखा आहे. गिझर किंवा एसी साध्या दीड एमएम वायरवर चालत असेल तर ती बदलून घ्या. चार एमएमची स्वतंत्र वायर हवी. पॅनेलमध्ये ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या. मोठा खर्च नाही, आणि गिऱ्हाइकासमोर तिचं टेस्टचं बटण दाबून वीज गेलेली दाखवली की सगळ्या वायरिंगबद्दलचा विश्वास बसतो. हा माझ्या लेखी सगळ्यात स्वस्त देखावा आहे, आणि तो खोटा नाही.

हंगाम, कारागीर, बिलं

पाऊस त्र्यंबकच्या डोंगरावरून शहरावर उतरला की रंगाचं काम थांबवा. ऑगस्टमध्ये मारलेला रंग भिंतीतली ओल आत कोंडून ठेवतो. पावसाळ्यात गळतीचा शोध, प्लंबिंग, वीज आणि सुतारकाम. पाऊस थांबल्यावर तीन-चार आठवडे भिंती सुकू द्यायच्या आणि मग रंग. अडचण अशी की तेव्हा दसरा-दिवाळी येते, पेंटर मिळत नाही आणि मिळाला तर तोंडाला येईल तो भाव सांगतो. पुढं छठसाठी बरेच कारागीर गावी जातात. घाई नसेल तर दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ उत्तम: हवा कोरडी आणि कारागीर मोकळे. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीयेच्या गिऱ्हाइकाला घर तयार असतं. पितृपक्षात व्यवहार तसेही थंड असतात, ते दिवस साफसफाईला वापरा.

माल आपला, मजुरी त्याची: विकायच्या घरासाठी मला हाच मार्ग सर्वांत बरा वाटतो. मालासकट उक्तं दिलं की कुठला रंग, त्यात पाणी किती, हे आपल्या हातात राहत नाही. दर चौरस फुटानं ठरवा आणि मोजणी दोघांनी मिळून करा. दार-खिडक्यांची जागा वजा करायची की नाही हे आधीच बोलून घ्या, भांडणं यावरूनच होतात. पैसे टप्प्यानं द्या: थोडी उचल सुरुवातीला, मोठा हप्ता प्रायमर झाल्यावर, शेवटचा हात सुकून सफाई झाल्यावर उरलेले.

बिलं जपा. घर चोवीस महिन्यांहून जास्त काळ तुमच्याकडं असेल तर नफा दीर्घकालीन ठरतो. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तीनं इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता) १२.५ टक्के किंवा इंडेक्सेशनसह २० टक्के, यातला कमी कर भरायचा. घरात केलेली भांडवली सुधारणा खरेदी खर्चात धरता येते, पण त्याला बिल लागतं. तुमचा घाम त्यात धरला जात नाही, आणि साधी रंगरंगोटी बहुधा देखभालीत मोडते. सीएला एकदा विचारून घ्या.

टाइल्स, प्लास्टर, रंग यांना महापालिकेची परवानगी लागत नाही. भिंत पाडणं किंवा बाल्कनी खोलीत घेणं वेगळं. नाशिकच्या सिडको भागातल्या घरांवर वाढवलेल्या खोल्या हा अनेक व्यवहारांत अडणारा विषय आहे. तिथं कितीही चांगला रंग मारला तरी बँकेचा वकील नकाशाच मागणार. आधी कागद, मग ब्रश. वाढीव खोलीवर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते घासू-कापू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतं.

काहीच न करणं

हा मार्ग आळशाचा नाही. जुन्या नाशकातला वाडा घेणारा जागेची किंमत मोजतो, तुमच्या नव्या रंगाची नाही. सर्व तोडून नव्यानं करणारं गिऱ्हाईक टू बीएचकेलाही मिळतं, आणि त्याला उघडी भिंत बघायला जास्त आवडतं, कारण काही लपवलेलं नाही हे दिसतं.

पण आहे तसं विकायचं तर रिकाम्या हातानं बसू नका. बाथरूमचं, वायरिंगचं, रंगाचं असं वेगवेगळं कोटेशन दोन मिस्त्रींकडून लेखी घ्या. तुमच्याकडं आकडा नसला की गिऱ्हाईक स्वतःचा आकडा सांगतं. बाथरूम दिसलं की "दोन-तीन लाख तर लागतीलच" म्हणतं आणि तेवढेच भावातून कापायला बघतं. कोटेशन समोर ठेवलं की घासाघीस त्या आकड्याभोवतीच फिरते. साधारण तेवढी सूट तुम्ही स्वतःहून द्या, आणि कोणत्या कामापोटी दिली ते विसार पावतीतच लिहून ठेवा. म्हणजे ताबा देताना त्याच ओलीसाठी दुसऱ्यांदा पैसे मागितले जात नाहीत.